दाखल नोंद

पुस्तक हातात आलं की मी आधी पहिली दोन पानं उलटून दाखल क्रमांकाचा शिक्का शोधते. घरच्या पुस्तकावर तो नसणार हे माहीत असूनही शोधते! जवळजवळ तीस वर्षं ग्रंथालयात घालवल्यावर दुसरं काय होणार? पुस्तक कुणी लिहिलं हे सगळेच बघतात. ते आपल्याकडे आलं कसं, विकत घेतलं, भेट आलं, की कुणाच्या घरचा माळा रिकामा करताना पोत्यातून आलं, हे बघायची खोड ग्रंथपालाची.

२०२२ साली भाच्याकडे न्यू जर्सीला गेले होते. त्याने एक दिवस न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नेलं. सगळे त्याला 'मोमा' म्हणतात. व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'समोर अंगारकीला देवळात असते तशी गर्दी. फोन धरून वर केलेले हात, आणि त्या हातांमधून दिसणारा निळ्या भोवऱ्यांचा एवढासा तुकडा. मी कडेकडेने पुढे सरकले आणि नेमकी बाजूची पाटी वाचत उभी राहिले.

"मावशी, अख्खं जग चित्र बघतंय आणि तू पाटी काय वाचतेस?"

पण त्या पाटीच्या शेवटी जे होतं त्यानेच मला धरून ठेवलं होतं. लिली ब्लिस यांच्या मृत्युपत्रातून, अदलाबदलीने मिळालेलं, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. अदलाबदल? कशाशी? म्हणजे हे चित्र यावं म्हणून दुसरं काहीतरी गेलं? आणि 'हे ठेवू, ते देऊन टाकू' असं ठरवणारा माणूस कोण?

घरी परतल्यावर वाचायला लागले, आणि त्या माणसाने मला पुढचे कित्येक महिने सोडलं नाही.

त्याचं नाव आल्फ्रेड बार. जन्म १९०२, डेट्रॉइटचा, वडील चर्चमध्ये पाद्री. मोमा सुरू करायचं ठरवलं तीन बायकांनी : अ‍ॅबी रॉकफेलर, लिली ब्लिस आणि मेरी सलिव्हन. १९२९ साली त्यांच्या मंडळाने संचालक नेमला तो हा सत्तावीस वर्षांचा, बारीक अंगाचा, चष्मेवाला मास्तर. तो वेल्स्ली कॉलेजात मुलींना आधुनिक कला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, तर चित्रांबरोबर रेल्वे स्टेशनं आणि कारखानेही बघायला लावायचा! ७ नोव्हेंबर १९२९ ला मोमा उघडलं. शेअर बाजार कोसळून जेमतेम दहा दिवस झाले होते. जागा कुठे, तर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका ऑफिसच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर, भाड्याच्या खोल्या. पहिलं प्रदर्शन सेझान, गोगँ, सरा आणि व्हॅन गॉग यांचं, तेही सगळं उसनं आणलेलं. महिन्याभरात सुमारे ४७ हजार माणसं येऊन गेली. संग्रहालयाचा स्वतःचा संग्रह मात्र सुरू झाला तो भेट आलेली आठ मुद्राचित्रं आणि एक रेखाटन यांच्यावर. नऊ दाखल नोंदी, बस्स!

आपल्याकडे सरकारी मराठीत क्युरेटरला 'अभिरक्षक' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण त्यात नुसतं राखणं आहे. किल्ल्या कमरेला लावून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात हे ठीक. शिवकालीन तलवार चांगली की वाईट हा प्रश्न उरलेला नसतो, ती सांभाळायची. पण ज्याची कला अजून रंगसुद्धा पुरते वाळलेले नाहीत अशा अवस्थेत दारात येते, त्याने काय राखायचं? त्याला आधी निवडायचं असतं. आणि आपण निवडलेलं चुकणार आहे हे जाणून निवडायचं असतं.

बारने हे अगदी हिशेबाने मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं, की आजची ताजी डझनभर चित्रं घेतली तर दहा वर्षांनी त्यातली तीन बघावीशी वाटली तरी नशीब, आणि वीस वर्षांनी एक उरलं तरी पुष्कळ. मग उरलेल्यांचं काय? ती चूक परवडते. न परवडणारी चूक वेगळी. जे घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही, ते पुन्हा हाताला लागत नाही. मी हे वाचून थबकले होते. आमच्याकडे वार्षिक तपासणीत 'ही पुस्तकं का घेतली' असं विचारायचे. 'अमुक पुस्तक का घेतलं नाही' असं तीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

१९३३ साली त्याने एक आकृती काढली. संग्रह म्हणजे एक पाणतीर, टॉर्पेडो. त्याचं टोक सतत पुढे सरकणाऱ्या वर्तमानात, आणि शेपूट पन्नास ते शंभर वर्षं मागे. तीर पुढे जाईल तशी शेपटाकडची चित्रं जुनी होणार. मग ती जुन्या कलेच्या संग्रहालयाला, म्हणजे त्याच शहरातल्या मेट्रोपॉलिटनला देऊन टाकायची आणि नवी घ्यायची. संग्रहालयाने सतत हलकं होत राहायचं! अभिरक्षकाने असं बोलावं म्हणजे पुजाऱ्याने दरवर्षी मूर्ती बदलू म्हणण्यासारखंच.

आता त्या पाटीवरच्या अदलाबदलीकडे येऊ. लिली ब्लिस १९३१ साली वारल्या. त्यांनी आपली बहुतेक चित्रं मोमाला ठेवली, पण अट घातली : संग्रहालय टिकेल एवढा निधी उभारून दाखवा, मग चित्रं मिळतील. ऐन मंदीत तो निधी जमवायला १९३४ उजाडलं. त्या मृत्युपत्रात आणखी एक शहाणपण होतं. थोडी चित्रं सोडून बाकीची विकायला किंवा बदलायला मोकळीक होती. आपल्याकडे आजीचं वळं मोडून नातीला बांगड्या करतात ना, तसं. कित्येक देणगीदार 'हे असंच ठेवा, याच भिंतीवर, माझ्या नावासकट' असं लिहून जातात. ब्लिसबाईंनी सोनं दिलं आणि घडणावळ पुढच्यांवर सोडली.

बारने ते सोनं मोडलं. त्यातलं देगाचं घोड्यांच्या शर्यतीचं एक चित्र देऊन जो पैसा उभा राहिला, त्याच्या आधाराने १९३९ साली पिकासोचं 'दम्वाझेल द आव्हिन्यों' आलं. १९४१ मध्ये सेझानची दोन आणि तुलूझ-लोत्रेकचं एक अशी तीन चित्रं पॉल रोझेनबर्ग या विक्रेत्याला देऊन 'स्टारी नाइट' आलं. सेझान कुणी साधासुधा नव्हे. जी तीन गेली त्यांच्यापुढेही कुठेतरी लोक उभे राहत असतील. पण ही आजची गर्दी त्या अदलाबदलीतून आली.

सगळीच निवड इतकी निर्मळ नव्हती, हेही सांगायला हवं. १९३९ साली नाझी सरकारने जर्मन संग्रहालयांतून 'हीन कला' म्हणून काढून टाकलेली चित्रं स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला लिलावात विकली. त्यातली काही एका विक्रेत्यामार्फत मोमाकडे आली, मातीसचं एक सुरेख निळं चित्र त्यात होतं. नाझींचं काय चाललंय हे बार स्वतः १९३३ साली स्टुटगार्टमध्ये बघून आला होता. त्याने त्यावर लेख लिहिले, तेव्हा छापायला फारसं कुणी तयार नव्हतं. आणि आता त्याच लोकांच्या तिजोरीत जाणारा पैसा! चित्र वाचवायचं की पैसा अडवायचा? मला याचं उत्तर देता येत नाही. बारने चित्र वाचवलं आणि त्याचा गवगवा होऊ नये असं बघितलं. गवगवा नको होता, म्हणजे टोचणी असणार.

कलेत काय काय मोडतं हे त्याने फार सैल धरलं होतं. त्याच्या मोमात इमारतींचे आराखडे आले, फोटो आले, १९३५ पासून सिनेमा आला. १९३४ च्या 'मशीन आर्ट' प्रदर्शनात तर बॉल बेअरिंग आणि स्प्रिंगा मांडल्या होत्या. १९३६ साली 'क्युबिझम अँड अ‍ॅबस्ट्रॅक्ट आर्ट'साठी युरोपातून आणलेली एकोणीस शिल्पं अमेरिकन कस्टमवाल्यांनी बंदरातच अडवली. कारण त्यात माणूस किंवा प्राणी ओळखू येत नव्हता, मग ती कला कशी? कारकुनाचा प्रश्न तसा प्रामाणिकच. नियमात जे बसत नाही ते दाखल कुठे करायचं?

आणि याच सैलपणावर त्याची खुर्ची गेली.

१९४२ च्या नाताळात बारने मोमाच्या दालनात बूटपॉलिश करणाऱ्या एका माणसाची पेटी मांडली. जो मिलोन त्याचं नाव. त्याने ती पेटी आणि खुर्ची मणी, झुंबरं, झालरी लावून लग्नाच्या मांडवासारखी सजवली होती. पुढच्या वर्षी मॉरिस हर्शफील्ड या चित्रकाराचं प्रदर्शन केलं. हा आधी सपाता तयार करायचा आणि म्हातारपणी आपलाआपणच चित्रं काढायला लागला. वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली, कारण त्याच्या चित्रांतल्या बायकांना दोन्ही पाय डावे असायचे. मोमाच्या मंडळाचे अध्यक्ष होते स्टीफन क्लार्क. सिंगर शिलाई मशीनच्या पैशाचे वारस, स्वतः उत्तम चित्रं जमवणारे. त्यांना हे सहन झालं नाही. शिवाय बार लिहायचं कबूल करतो आणि लिहीत नाही, कारभार धड चालत नाही, ही जुनी तक्रार होतीच. आणि ती खोटी नव्हती. ऑक्टोबर १९४३ मध्ये बारच्या हातात पत्र पडलं. संचालकपद संपलं, पगार निम्मा. हवं तर 'सल्लागार संचालक' म्हणून राहा आणि पुस्तकं लिहा.

एक्केचाळिसाव्या वर्षी. चौदा वर्षं ज्यात घातली तिथून.

तो गेला नाही! काही दिवस घरी बसून राहिला आणि मग मोमाच्या ग्रंथालयात आडोसा करून दिलेल्या एका कोपऱ्यात येऊन बसला. जिथे सगळी माणसं त्यानेच आणलेली, भिंतीवरची चित्रं त्यानेच आणलेली, तिथे रोज सकाळी येऊन त्या कोपऱ्यात काम करायचं.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागणार. टाळत होते, पण त्याशिवाय हा लेख खोटा होईल.

एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयाची मी प्रमुख होते. नाव सांगायचं कारण नाही. एकदा एका रद्दीवाल्याकडे मला साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनियतकालिकांचे तीन गठ्ठे मिळाले. 'असो', 'येरू' असल्या नावांचे अंक, काही चक्रमुद्रित, काहींवर तारीख नाही, किंमत नाही. पिवळे पडलेले, कोपरे कुरतडलेले. मी ते ३४० रुपयांना घेतले. कार्यकारिणीच्या बैठकीत एका सदस्यांनी त्यातला एक अंक चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. "मॅडम, याला पुस्तक म्हणायचं का मासिक? आणि हे घालणार कुठल्या वर्गांकात?" लोक हसले. पुढे कार्यकारिणी बदलली, इतर कुरबुरी होत्याच, आणि मला 'मानद सल्लागार' करून माझं टेबल जिन्याखाली हलवलं. मी तीन आठवडे बसले. रोज कुणीतरी विचारायचं, "इथे कशा?" चौथ्या सोमवारी राजीनामा दिला. घरच्यांनी, मैत्रिणींनी शाबासकी दिली. स्वाभिमान म्हणतात तो हाच, असं मलाही वाटलं.

असो. बारकडे वळते.

त्या कोपऱ्यात बसून त्याने पिकासोवरचं पुस्तक पुरं केलं. ते १९४६ साली आलं आणि त्यावरच हार्वर्डने त्याला डॉक्टरेट दिली. १९५१ ला मातीसवरचं पुस्तक आलं. मंडळाला त्याच्याशिवाय चालेना. संग्रहात काय आहे, कशाशेजारी काय हवं, काय कुठे विकायला निघालंय, हे सगळं त्या एकाच डोक्यात. १९४७ मध्ये त्याच्यासाठी पद तयार झालं, 'डिरेक्टर ऑफ म्युझियम कलेक्शन्स'. सगळ्या संग्रहालयाचा नव्हे, फक्त संग्रहाचा प्रमुख. १९४९ पासून संचालक होते रने द'आर्नोंकूर. ते मोठ्या मनाचे. बारची प्रतिभा जपणं हा आपल्या कामाचाच भाग आहे असं ते मानत. बारबरोबर १९३४ पासून काम करणाऱ्या डोरोथी मिलर होत्याच. या बाई स्टुडिओ पालथे घालायच्या. १९५९ च्या 'सिक्स्टीन अमेरिकन्स'मध्ये त्यांनी तेवीस वर्षांच्या फ्रँक स्टेलाला घेतलं, त्याची काळ्या पट्ट्यांची चित्रं मोमात लावली.

प्रमुख झाला म्हणून मंडळाशी झगडणं संपलं नाही, पण आता त्याला वाटा ठाऊक झाल्या होत्या. १९५८ च्या सुरुवातीला लिओ कॅस्टेली यांच्या गॅलरीत जॅस्पर जॉन्स या तरुण चित्रकाराचं प्रदर्शन लागलं. बारने त्यातली तीन चित्रं मोमासाठी घेतली. चौथं हवं होतं 'फ्लॅग', अमेरिकेचा झेंडाच. मंडळाला धाकधूक, झेंड्याचा अपमान म्हणून ओरड झाली तर? बारने मित्राला, वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सनला, ते विकत घ्यायला लावलं. चित्र पंधरा वर्षं बाहेर राहिलं आणि १९७३ साली जॉन्सनने ते बारच्या सन्मानार्थ मोमाला दिलं. तोवर बार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

त्याला देव करायची गरज नाही. अमेरिकेतल्या अमूर्त चित्रकारांकडे तो उशिरा वळला. १९४० साली त्या चित्रकारांनी मोमाच्या दारात पत्रकं वाटून विचारलं होतं, की हे मॉडर्न आर्टचं संग्रहालय कितपत मॉडर्न आहे? १९३६ च्या प्रदर्शनाच्या पुस्तकावरचा त्याचा प्रसिद्ध तक्ता बघा. बहुतेक बाण युरोपातल्या शहरांभोवतीच फिरतात. जपानी मुद्राचित्रं आणि आफ्रिकी शिल्पं आहेत, पण फक्त उगमाच्या चौकटीत, जणू त्यांनी द्यायचं आणि बाजूला व्हायचं. आपला तर पत्ताच नाही. त्याच्या शेवटच्या वर्षांत मात्र एक नोंद आपल्या माणसाची झाली. नागपूरला जन्मलेले, गोव्याकडचे, जे. जे.त शिकलेले वासुदेव गायतोंडे. त्यांचं १९६२ सालचं एक चित्र साठच्या दशकातच भेट म्हणून मोमाच्या संग्रहात आलं. गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरायला २०१४ उजाडलं. मध्ये पन्नास वर्षं! पण दाखल नोंद होती, म्हणून ते चित्र वाट बघू शकलं.

पाणतिराचं काय झालं? १९४७ च्या करारानुसार काही चित्रं खरोखर मेट्रोपॉलिटनकडे गेली. पण हळूहळू लक्षात आलं, की अशी दिलेली चित्रं परत येत नाहीत, आणि उद्या दुसरीकडे जाणार असेल तर कुणी आपला मातीस देणार नाही. १९५३ साली मोमाने जाहीर केलं, की उत्तमोत्तम कृती आता कायमच्या ठेवू. बारची सगळ्यात धाडसी कल्पना त्याच्या हयातीतच मागे घेतली गेली. 'स्टारी नाइट' आज मोमात आहे ते त्यामुळे. नाहीतर शेपटाकडून केव्हाच बाहेर पडलं असतं. मग बार चुकला होता का? २०१९ मध्ये मोमाने सगळी मांडणी बदलली, तेव्हा पिकासोच्या त्या 'दम्वाझेल'च्या दालनात फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचं १९६७ सालचं रक्ताने माखलेलं भलंमोठं चित्र लावलं. जुनं बाहेर काढायच्या ऐवजी त्याच्या शेजारी नवं आणून बसवलं. मला वाटतं, हाही तीर पुढे सरकवण्याचा एक मार्ग.

बार १९६७ ला निवृत्त झाला. पुढे स्मृतिभ्रंशाने त्याला गाठलं, १९८१ साली तो गेला. १९७७ साली मोमाच्या चित्र-शिल्प संग्रहाची मोठी सूची निघाली, १९२९ पासून १९६७ पर्यंतची. कुठली कृती कधी आली, कशी आली, कुणी दिली. सोबत संग्रहाची साल-दर-साल हकीकत, बारनेच लिहिलेली. मला त्याच्या सगळ्या पुस्तकांत हेच मोठं वाटतं. डोक्यात होतं ते कागदावर उतरवून गेला.

राजीनाम्यानंतर सहा वर्षांनी मी त्या ग्रंथालयात गेले होते. नवीन ग्रंथपाल मुलगी हुशार आणि अदबशीर होती. मी गठ्ठ्यांबद्दल विचारलं. तिने रजिस्टर काढून नीट बघितलं. "मॅडम, त्यांची दाखल नोंदच नव्हती. निर्लेखनाच्या वेळी बाकीच्या रद्दीबरोबर गेले असणार."

नोंद कुणी करायची होती? मी. 'सावकाश, अंक लावून, नीट सूची करून मग चढवू' म्हणून ठेवले होते, कपाटाच्या खालच्या खणात. ते काय आहे हे त्या इमारतीत एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस स्वाभिमानाने निघून गेला होता. त्या सदस्यांना मी कित्येक वर्षं मनातल्या मनात बोल लावला. पण त्यांनी फक्त अंक चिमटीत धरला होता. ते जिन्याखालचं टेबल सोडलं मीच.

बारच्या जागी सगळ्यांनी कोपऱ्यात बसून राहावं असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरी निम्म्या पगारात भागत होतं, त्याच्या बाजूने बोलणारी मोठी माणसं होती. प्रत्येकाला ते नसतं. पण निघण्याआधी मी आणखी तीन आठवडे बसले असते, तर तीन गठ्ठ्यांची नोंद सहज झाली असती.

गेल्या महिन्यापासून एक वही घातली आहे. त्या गठ्ठ्यांत कुठले अंक होते, मुखपृष्ठ कसं होतं, आत कुणाकुणाची नावं होती, आठवेल तसं लिहून काढते. आतापर्यंत सतरा अंक आठवले. तुमच्या घरी माळ्यावर असलं काही पिवळं, बिनतारखेचं पडलेलं असेल तर रद्दीत घालण्याआधी मला कळवा. आणि कुणाला देणार असाल तर द्या, पण आत एक चिठ्ठी ठेवा : हे काय आहे आणि कुठून आलं.